डोंगरात लोहखनिज सापडलंय. खाण आली की पाण्याचं काय होतं?

व्हाळाकाठी
नमस्कार मंडळी. आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला. नाव मुद्दाम देत नाही, कारण अजून कागदावर काही आलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात डोंगराच्या माथ्यावर यंत्रं चढली, बोअर मारले, खोक्यांतून दगडाच्या कांड्या भरून नेल्या. लोहखनिज आहे, पट्टा मोठा आहे, असं आता पारावर सगळेच बोलतात. एजंट फिरताहेत. सामायिक सातबाऱ्यावरचे मुंबईतले हिस्सेदार शोधून त्यांना फोन जाताहेत.

आमचं सगळं पाणी त्याच डोंगराचं. वर बारमाही झरा आहे, त्याचं पाणी पाइपने उताराउताराने घरात येतं. मोटर नाही, वीजबिल नाही. उरलेलं पाटाने पोफळी-माडांच्या बागेत जातं. माझा खाणीला विरोध आहे, ते लपवत नाही. पण ग्रामसभेत "पाणी जाईल" म्हटलं की समोरून "कशावरून?" असा प्रश्न येतो आणि तो प्रश्न विचारणारी आमचीच पोरं आहेत, बाहेरची माणसं नाहीत. त्यांना पटेल असं उत्तर मला हवं आहे. ज्यांच्या गावात खाण आली किंवा ज्यांनी ती अडवली, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. जनसुनावणी लागलीच तर आधी काय करून ठेवायचं, तेही सांगा.

सह्यवाट
महत्त्वाचा धागा. वाचत राहणार.

डिचोलीकर
"कशावरून?" म्हणणाऱ्या पोरांना एका मे महिन्यात गोव्यात, आमच्या डिचोली तालुक्यात घेऊन या. राहायची सोय माझ्याकडे.

आमच्या घरची बाव, म्हणजे विहीर, आजोबांच्या काळातली. मे महिन्यातही दोर फार सोडावा लागत नसे. वाड्याच्या वरच्या अंगाला खाण खोल जाऊ लागली तशी आधी मेमध्ये बाव कोरडी पडायला लागली, मग एप्रिलमध्ये, मग शिगम्यालाच तळ दिसू लागला. टँकर सुरू झाला. तो पाठवणारे खाणवालेच. ज्याच्या टँकरवर घरची चूल चालते त्याच्याविरुद्ध पंचायतीत तोंड कोण उघडणार? पाणी गेल्याचं दुःख मोठं आहेच, पण त्या टँकरने गावाचा आवाज नेला तो मला जास्त लागला.

शेतांचं वेगळंच. एक टन खनिज काढायला दोन-तीन टन टाकाऊ माती निघते. ती डोंगरउतारावर रचतात, आम्ही त्याला डंप म्हणतो. पहिल्या मोठ्या पावसात डंप व्हाळात (ओढ्यात) उतरतो आणि व्हाळ शेतात. गाळ सुकला की असा घट्ट बसतो की नांगर आत जात नाही. वर्षाकाठी भरपाई मिळते, म्हणून लोक गप्प बसतात. काही वर्षांनी शेत पडीक झालेलं असतं आणि घरात कुणाला लावणी येत नसते. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. आता त्यामागची माती किती, हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडा.

शिरगाव म्हणजे लईराई देवीचं गाव. तिथल्या लोकांना विहिरी आणि शेतं वाचवायला हायकोर्टाची पायरी चढावी लागली. पिसुर्ले, सोनशी, कावरे या खाणपट्ट्यातल्या गावांबद्दलही शोधून वाचा. सोनशीच्या लोकांनी २०१७ साली धूळ आणि पाण्यासाठी खनिजाचे ट्रक अडवले, तर बायाबापड्यांसकट तुरुंगात गेले.

रोकठोक
थोडा वेगळा सूर लावतो. इथे लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या घरात लोखंड आहे. कोकण रेल्वेचे रूळ कशाचे आहेत? खनिज कुठून तरी निघणारच. दुसरं म्हणजे, व्हाळाकाठींच्या गावातली किती घरं गणपती-शिमग्यापुरती उघडतात? पोफळीच्या बागेवर आजच्या पोराचं लग्न जमत नाही. गावात ट्रक आले, गॅरेज आलं, खानावळ आली, तर पोरं गावात राहतील. तुम्ही ज्यांना "आमचीच पोरं" म्हणता त्यांना काय देणार, ते आधी सांगा. पाण्याचं नियोजन करून खाण चालवता येते, कायदे आहेत.

आजगावचो
@रोकठोक, दोडामार्गातल्या कळणे गावचा विसरा नको. २९ जुलै २०२१. खाणीच्या खड्ड्यात पाणी साठलेला, डोंगर खचलो, बांध फुटलो आणि चिखलाचो लोंढो लोकांच्या घरांनी शिरलो. बागायती गाळाखाली गेली. कायदे तेवाय होतेच मा? दोडामार्गाक जावन बघा आणि मगे बोला.

रोकठोक
कळण्याचं माहीत आहे. ती एका खाणीची हलगर्जी होती. त्यावरून सगळ्या खाणी बंद करायच्या का?

भूजल
मी भूजलशास्त्राचा माणूस. नोकरीमुळे नाव देत नाही. मूळ प्रश्न "कशावरून" असा आहे, तेवढ्यापुरतं लिहितो.

गोव्याच्या खाणपट्ट्यात जमिनीखाली ढोबळमानाने पाण्याचे दोन साठे आहेत. वरचा जांभ्यात. पाऊस त्यातून मुरतो आणि बहुतेक घरगुती विहिरी त्यावरच चालतात. त्याखाली चिकणमातीचा थर आणि त्याच्याही खाली भुसभुशीत, पूड झालेलं लोहखनिज. या पुडीच्या कणांमधल्या पोकळीत भरपूर पाणी असतं. म्हणजे जे खनिज काढून न्यायचं तोच पाण्याचा साठा आहे. खनिज काढलं आणि पाणी तिथेच राहिलं असं होऊच शकत नाही. हे पोरांना कागदावर चित्र काढून दाखवा.

आता खड्डा. तो भूजलपातळीच्या खाली गेला की कोरडा ठेवण्यासाठी पंप लावून पाणी उपसत राहावं लागतं. पंप फक्त खड्ड्यातलं पाणी काढत नाही, चारी बाजूंच्या जमिनीतलं पाणी खड्ड्याकडे वळतं. विहिरींची पातळी उतरते, झऱ्याची धार बारीक होते. गोव्यात काही खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेलेत. त्यामुळे रोकठोक यांच्याशी इथे माझा मतभेद आहे. कळणेला झाला तो अपघात. विहिरी आटणं हा अपघात नसतो. खाण अगदी नियमाने चालली तरी ती पातळीखाली उतरल्यावर हे होतंच. "नियोजन" करता येतं ते उपसलेलं पाणी गाळमुक्त करून सोडण्याचं.

मात्र प्रत्येक डोंगराची रचना सारखी नसते. सिंधुदुर्गातला तुमचा डोंगर गोव्यासारखाच आहे असं मी इथे बसून सांगणार नाही. म्हणून खाणीचा पर्यावरण अहवाल हाती आला की सगळ्यात आधी भूजलाचं प्रकरण उघडा. खड्डा कुठल्या पातळीपर्यंत जाणार आहे? भूजलपातळी कुठल्या विहिरींत मोजली, कुठल्या महिन्यात? पावसाळा संपता संपता मोजलेली पातळी आणि मेमधली पातळी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि तुमचा झरा त्या नकाशावर आहे का, ते बघा. बहुतेक वेळा नसतो.

मृद्गंध
@भूजल, फार सोपं करून सांगितलंत. एक विचारते, खाण बंद पडली की पाणी परत येतं का?

भूजल
पंप थांबला की खड्डा भरतो, आसपासची पातळी बऱ्यापैकी वर येऊ शकते. पण जो थर कापून नेला तो परत येत नाही. झरा एका ठरावीक उंचीवर फुटतो. त्याच्या डोक्यावरचा डोंगरच गेला तर तो पुन्हा तिथे फुटेल याची काही खात्री नाही.

डिचोलीकर
आमच्याकडे २०१२ साली बंदी आली. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबरमध्ये संसदेत मांडला गेला आणि पाठोपाठ गोव्यातल्या खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २२ नोव्हेंबर २००७ लाच खाणींचे सगळे लीज (भाडेपट्टे) संपले होते, म्हणजे पुढची पाच वर्षं झालं ते बेकायदा. मग लीजचं नूतनीकरण झालं, तेही फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने रद्द केलं. डिसेंबर २०२२ पासून लिलाव सुरू झाले, त्यात आमच्या डिचोलीचे ब्लॉक पहिल्या खेपेतच.

त्या बंदीच्या काळात बावीचं पाणी थोडं वर आलं, हे खरं. पण ट्रक घेतलेल्यांचे हाल झाले, तेही लिहिलं पाहिजे. शेत गाळात गेलं म्हणून कर्ज काढून ट्रक घेतला आणि ट्रक दारात उभा राहिला. रोकठोक, तुम्ही पोरांच्या पोटाचं बोललात ते मला मान्य आहे. ही तीच पोरं. पहिल्यांदा शेती गेली, मग ट्रकही गेला. खनिजाचा भाव चीनमध्ये ठरतो, बंदीचा निर्णय दिल्लीत होतो, आणि हप्ता मात्र गावच्या पतसंस्थेत भरायचा असतो.

एटापल्लीचा_पोट्टा
गडचिरोलीहून लिहितो. सुरजागडचा डोंगर आमच्यासाठी ठाकूरदेवाचा. जानेवारीत यात्रा भरते, सत्तर-सत्तर गावचे लोक येतात. तिथं जवळपास ३४८ हेक्टरचा लीज आहे, आणि २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन काढायची परवानगी मिळाली. पावसाळ्यात नाल्याचं पाणी लाल होऊन धानाच्या बांध्यांत शिरतं, ही आमच्या भागातल्या लोकांची जुनी तक्रार हाये. २०२३ च्याच मार्चपासून तोडगट्ट्याला लोकं आणखी खाणी नको म्हणून बसले होते. पाऊस, धानाची रोवणी, सगळं सांभाळून पाळीपाळीनं बसत. नोव्हेंबरात पोलिसांनी ते आंदोलन उठवलं.

आमची अडचण तुमच्यापेक्षा एक पायरी जास्त हाये. आमच्याकडे पाणी मागितलं तरी माणसावर नक्षलवादी असल्याचा शिक्का बसतो. तरी झेंडेपारच्या डोंगरासाठी कोरचीकडच्या ग्रामसभा वर्षानुवर्षं ठराव घेऊन उभ्या आहेत. भाऊ, तुमच्याकडे निदान जाहीर बोलता तरी येते. त्याचा फायदा घ्या. आणि एकट्या गावानं लढू नका. नाला जिथवर जाते तिथवरच्या सगळ्या गावांना बोलवा.

आजगावचो
ह्या शेवटचा खरा. आमचा पाणी खाली गोव्यात जाता. तिळारी पुढे शापोरा होता. गोंयकारांकय सांगूक व्हया.

पन्हाळी
जरा विषयांतर. आमच्या कोल्हापूर भागात लोखंड नाही, बॉक्साइट आहे. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर. लोकांना वाटतं वर नुसता उघडा कातळ, त्यात काय नुकसान. पण पावसाळ्याचं पाणी तो सडाच धरून ठेवतो आणि कड्याच्या खाली झऱ्यांनी सोडतो. सरकारी कागदावर सडा म्हणजे "पडीक". वस्तीचं पाणी जिथून येतं ती जागा पडीक कशी? हा शब्द तुमच्या डोंगराच्या सातबाऱ्यावर असेल तर त्यावर आत्ताच लेखी हरकत घेऊन ठेवा.

सह्यवाट
पन्हाळी, विषयांतर कुठे, हाच तर विषय. सड्यावरच्या फुलांबद्दल वेगळा धागा काढा, फोटोंसकट. वाट बघतो.

मोगरा_७२
आमच्या माहेरी झऱ्याला राखणदार आहे. वर्षातून एकदा नारळ देतात, तिथे चपला घालून कुणी जात नाही. राखणदाराला जनसुनावणीत हरकत नोंदवता येते का हो? :)

काळा_कोट
मोगराताई, हसत विचारलंत तरी उत्तर गंभीर आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. डोंगरिया कोंध लोकांचा नियमराजा तिथे राहतो. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या लोकांच्या सामूहिक वनहक्कांबरोबर धार्मिक हक्कांचाही विचार ग्रामसभांनी करावा. त्या वर्षी १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. खाण झाली नाही. म्हणजे राखणदाराची हरकत नोंदली गेली आणि मान्यही झाली.

पण व्हाळाकाठी, एक गोष्ट नीट समजून घ्या. नियमगिरी किंवा गडचिरोलीला राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचं आणि पेसाचं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याचं, बळ आहे. सिंधुदुर्ग अनुसूचित क्षेत्रात नाही. तुमच्या ग्रामसभेचा ठराव खाण आपोआप थांबवत नाही. तरीही तो घ्याच, कारण पुढे प्रत्येक पायरीवर तो पुरावा म्हणून लागतो. तुमच्याच जिल्ह्यातल्या २५ गावांनी ग्रामसभेत ठराव करून पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या गाडगीळ समितीला कळवलं होतं की आमची गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या. समितीने २०११ च्या अहवालात त्याची दखल घेतली. सावंतवाडी-दोडामार्ग कॉरिडॉरचं, म्हणजे वन्यप्राण्यांच्या जाण्यायेण्याच्या पट्ट्याचं, प्रकरण पुढे हायकोर्टात गेलं, तिथे मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो पट्टा संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करणारी अधिसूचना काढायला सांगितलं. लोक म्हणतात ठरावांनी काय होतं. लढाई इतकी वर्षं टिकली ती त्या कागदांवर.

जनसुनावणीबद्दल. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती आयोजित करतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात. संपूर्ण चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त तिथेच लोकांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. ते वाचून झाल्याशिवाय उठू नका, जेवणाची वेळ टळली तरी चालेल. तुम्ही बोललात ते त्यात आलं नसेल तर तिथल्या तिथे सांगा. मुख्य अहवाल इंग्रजीत असतो, मराठीत फक्त सारांश. भूजलाचं प्रकरण सारांशात चार ओळींत उरकलेलं असतं, म्हणून इंग्रजी अहवाल वाचणारी दोन-तीन माणसं आत्ताच शोधा. सुनावणीत मतदान नसतं. हजार माणसांनी "नको" म्हणण्याला महत्त्व आहेच, पण "अमुक झरा अहवालात नाही, त्याच्यावर इतकी घरं अवलंबून आहेत, ही घ्या मोजणी" असं एकाने लेखी दिलं तर त्याचं उत्तर देणं त्यांना भाग पडतं. मंजुरी मिळालीच तर हरित लवादाकडे अपिलाची मुदत ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद.

परदेशस्थ
मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या छोट्या देशाने मार्च २०१७ मध्ये धातूंच्या खाणींवर पूर्ण बंदी घातली होती, जगात पहिल्यांदाच. कारण पाणीच. अर्ध्याहून जास्त देश लेम्पा नदीवर जगतो आणि सोन्यासाठी सायनाइड वापरतात. बंदीसाठी लढलेल्या काहींचे खून झाले होते. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या संसदेने ती बंदी उठवली. एकदा जिंकलं म्हणजे सुटलो असं नसतं, एवढ्यासाठी लिहिलं.

मुंबईकर_चाकरमानी
मी त्या "मुंबईतल्या हिस्सेदारां"पैकी. आमच्या गावाकडूनही असे फोन येताहेत. चुलतभावाने सामायिक जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा विकला तर कायद्याने त्याला सहसा अडवता येत नाही, आणि एकदा विकत घेणारा सातबाऱ्यावर आला की तो तुमचा सहहिस्सेदार. म्हणून गणपतीत सगळे घरी येतात तेव्हाच आरतीनंतर बसा आणि बोला. फोनवर हे होत नाही. रागावून तर अजिबात होत नाही. ज्याला खरोखर पैशाची गरज आहे त्याची गरज भावकीने भागवायला हवी. नुसतं "विकू नकोस" सांगणं अन्यायाचं आहे.

रोकठोक
हा प्रतिसाद सगळ्यात पटला. भूजल यांचं चित्रही समजलं. पातळीखालची खाण म्हणजे विहिरींवर परिणाम, हे मान्य. माझं म्हणणं तरीही शिल्लक आहे. गावाला खाण नको असेल तर काजू, कोकम, पर्यटन, काहीतरी उभं करावं लागेल, आणि ते बोलण्यापुरतं नको. काजूला भाव नाही म्हणून झाडं तोडणारी माणसं मी पाहिली आहेत.

डिचोलीकर
त्यावर भांडण नाही. पण त्या काजूलाही आणि पाहुण्यालाही पाणी लागतंच.

भूजल
मूळ प्रश्नाकडे येतो. "आधी काय करून ठेवायचं?" तर पाणी मोजा. आत्ता, खाणीचा पत्ता नसताना. खाण आल्यावर सगळे म्हणतात "पूर्वी पाणी होतं", आणि समोरचा म्हणतो "दाखवा". तेव्हा दाखवायला काही नसतं. मी पाहिलेल्या बहुतेक तंट्यांत गाव इथेच हरतं.

फार काही लागत नाही. झऱ्याच्या पाइपखाली मापाची बादली धरायची आणि ती किती सेकंदांत भरते ते फोनवर मोजायचं. दर महिन्याला, शक्यतो त्याच तारखेला. विहिरीत वजन बांधलेली टेप सोडून काठापासून पाण्यापर्यंतची खोली घ्यायची. एप्रिल-मेचे आकडे चुकवू नका, तेच सगळ्यात मोलाचे. प्रत्येक विहिरीला क्रमांक द्या, नकाशावर जागा दाखवा, किती घरं पाणी भरतात ते लिहा. पावसाळ्याआधी आणि नंतर नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, त्याचा शिक्क्याचा अहवाल जपून ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या जवळची विहीर कुठली आणि तिचे जुने आकडे काय, ते माहितीच्या अधिकारात मागा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही वही ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्या. घरात ठेवलेल्या वहीपेक्षा ग्रामसभेने नोंदवलेल्या वहीला जास्त वजन असतं.

काळा_कोट
+१. आणि मोजायला फक्त विरोधक नकोत. जे खाणीच्या बाजूचे आहेत त्यांनाही टेप धरायला बोलवा, त्यांच्या सह्या घ्या. मग आकड्यांवर वाद होत नाही.

व्हाळाकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हा धागा घरात मोठ्याने वाचून दाखवतोय. माझा पुतण्या "कशावरून" म्हणणाऱ्यांत पहिला. भूजल यांचं दोन साठ्यांचं वर्णन ऐकून त्याने स्वतः कागदावर आपला डोंगर काढला, झरा कुठे ते दाखवलं आणि विचारलं की बोअर मारले तेव्हा पाणी किती खोलीवर लागलं हे कुणाला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. ज्यांनी यंत्रासाठी पाणी वाहिलं ती आमच्याच वाडीतली माणसं आहेत, त्यांना उद्या विचारणार आहोत. तो खाणीच्या विरोधात गेला असं नाही, पण मोजायला यायला तयार आहे.

पुढच्या मासिक सभेत पाणी मोजण्याचा विषय ठेवतोय, खाणीचा नाही. पाण्याला कुणी नको म्हणणार नाही. डिचोलीकर, पोरांना घेऊन मेमध्ये खरंच येऊ का? दहाबारा जण होतील.

डिचोलीकर
या. फक्त आठवडाभर आधी कळवा, तेवढ्या माणसांचं पाणी भरून ठेवावं लागतं.

आजगावचो
टेप माझ्याकडे आसा, तीस मीटरची. खय येव ता सांगा.